लोणावळ्यात ‘नेहमीचं दुकान’ कसं धरावं : नवशिक्यांसाठी

पुण्या-मुंबईच्या माणसाला घराजवळ नेहमीचा वाणी असतो, नेहमीचा शिंपी असतो, नेहमीचा केस कापणारा असतो. त्यात विशेष काही नाही. येणं-जाणं असतं, ओळख होते, ओळखीवर उधारी होते आणि उधारीमुळे ओळख पक्की होते. लोणावळ्याचं तसं नाही. तिथं माणूस वर्षातून एकदा जातो, तेही भर पावसात, गाडीत एक माणूस जास्तीचा कोंबून. दुकानदार त्याला ओळखत नाही, तो दुकानदाराला ओळखत नाही. चिक्कीची दुकानंही एकमेकांसारखी इतकी, की गेल्या वर्षीचं कुठलं यावरून सख्खे भाऊ भांडतात. तरीसुद्धा गाडी बाजारात शिरली की मागच्या सीटवरून कुणीतरी अधिकारवाणीनं म्हणतंच, ‘‘इथं नको. आपलं नेहमीचं पुढं आहे.’’

हे वाक्य ज्याला म्हणता येतं तो लोणावळ्यात मुरलेला. ते ऐकून ज्याला गाडी मुकाट्यानं पुढं घ्यावी लागते तो नवशिका. हे मार्गदर्शन गाडी चालवणाऱ्यासाठी आहे.

सुरुवातीलाच एक गैरसमज काढून टाका. नेहमीचं दुकान चव बघून ठरवायचं नसतं. चव बघणारे लोक दर वर्षी दुकान बदलतात, दर वर्षी नवी पिशवी घेऊन घरी येतात आणि सोसायटीत त्यांच्या शब्दाला काडीची किंमत राहत नाही. दुकान आधी ठरतं. चव मागाहून त्याच्या अंगाला लागते.

दुकान येतं कुठून

उत्तम दुकान वारशानं येतं. ‘‘बाबा इथूनच घ्यायचे’’ या वाक्यापुढं कुठलाही युक्तिवाद टिकत नाही. बाबांना त्या दिवशी गाडी लावायला दुसरीकडे जागा मिळाली नव्हती, म्हणून ते इथं शिरले होते, हे आईला माहीत असतं. पण आई बोलत नाही. वारसा नसेल तर दुकान सासरकडून येतं. यात धोका एवढाच, की दोन्ही घरांची दुकानं वेगळी निघाली तर एकाच रस्त्यावर दोनदा थांबावं लागतं आणि दोन्ही पिशव्या सारख्याच वजनाच्या ठेवाव्या लागतात. माहेर, सासर दोन्हीकडून काही आलं नाही, अशा स्वयंभू माणसानं सरळ एक पाटी मनात धरावी, तिच्या शेजारच्या दोन पाट्या खूण म्हणून पाठ कराव्यात आणि पुढच्या खेपेला बेधडक ‘नेहमीचं’ म्हणून मोकळं व्हावं. कुणी तपासायला येत नाही.

पाटी निवडताना नजर शाबूत ठेवा. मगनलाल हे नाव या गावात इतकं मोठं आहे की त्याच्या पुढं-मागं काही ना काही जोडलेल्या पाट्या बाजारात, हमरस्त्यावर, वळणावर, वळणाच्या पलीकडे भेटत राहतात. त्या मोजायला बसू नका, संध्याकाळ होईल. शिवाय नॅशनल आहे, ए-वन आहे. प्रत्येकाचे भक्त आहेत आणि प्रत्येक भक्ताला बाकीच्यांच्या चिक्कीत गूळ कमी, साखर जास्त लागते. स्टेशनाजवळच्या कूपर्सचं चॉकलेट-अक्रोड फज ज्यांचं नेहमीचं, त्यांची तर जातच वेगळी. ते चिक्कीवाल्यांच्या वादात पडत नाहीत. लांबून बघतात आणि किंचित हसतात. तुम्हाला फज मनापासून आवडत असलं तरी पहिल्याच वर्षी त्या गटात शिरायचा प्रयत्न करू नका. आधी काही वर्षं चिक्की करावी.

माझं नेहमीचं कुठलं ते मी सांगणार नाही. सांगितलं की ते तुमचं होईल, आणि मग तिथं गाडी लावायला मला जागा उरणार नाही.

थोडा इतिहास, वापरण्यापुरता

गाडीत गप्पा चालू असताना मधेच बोलायला इतिहास फार उपयोगी पडतो, म्हणून थोडा पाठ करा. जी. आय. पी. रेल्वेची खंडाळा ते पुणे गाडी 1858 साली सुरू झाली. मुंबईकडची गाडी त्याआधीच खोपोलीपर्यंत आलेली होती. मधला बोरघाट तेवढा बाकी होता. म्हणजे प्रवाशानं खोपोलीला उतरायचं, पालखीत नाहीतर तट्टावर बसून घाट चढायचा, आणि वर येऊन पुन्हा आगगाडीत बसायचं. आज द्रुतगती मार्गावर गाडी तासभर अडकली म्हणून कुणी कुरकुरू लागलं, की हे सांगावं. 21 एप्रिल 1863 रोजी घाटातला लोहमार्ग खुला झाला. पंचवीस बोगदे आणि सदतीस फुटांना एक फूट असा चढ. वाटेत एका जागी तर गाडी वळवायलाच जागा नव्हती. इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडायचं आणि गाडी उलट तोंडानं पुढं काढायची. तो प्रकार 1929 सालापर्यंत चालू होता.

या कामावर हजारो मजूर राबत होते. त्यांना गूळ-शेंगदाण्याची गूळदाणी विकली जायची आणि त्या गूळदाणीची पुढं वडी पाडून चिक्की झाली, मगनलाल अगरवाल यांचं नाव त्यातूनच मोठं झालं, अशी कथा लोणावळ्यात सांगतात. ही कथा सांगताना ‘मजुरांच्या अंगात ताकद यावी म्हणून’ हे शब्द जरूर घालावेत. आपण डोंगर फोडलेला नसताना पाव किलो संपवला, याची बोच त्यानं जरा कमी होते.

दुकानात उभं कसं राहावं

नवशिका दुकानात शिरतो आणि विचारतो, ‘‘चिक्की काय भाव?’’ इथंच तो पकडला जातो. मुरलेला माणूस भाव विचारत नाही. तो काउंटरवर हात टेकतो आणि म्हणतो, ‘‘आजची आहे का?’’ दुकानदार म्हणतो, ‘‘आत्ताच आली आतून.’’ हे उत्तर सकाळी दहाला आणि रात्री दहाला तेच असतं. त्यावर मान डोलवायची. बास, ओळख पटली.

मग नमुना. लोणावळ्याचा दुकानदार चिक्कीचा तुकडा मोडून गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवतो. ही या गावाची खानदानी रीत आहे आणि तिचा आब राखला पाहिजे. शेंगदाणा, तीळ, खोबरं, राजगिरा, काजू, डाळं, बदाम-पिस्ता, दाण्याचं क्रश, एवढ्या सगळ्यांचा तुकडा मागणं शोभत नाही. लहान मूल बरोबर असेल तर शोभतं. मूल नसणाऱ्यांनी एखादं नात्यातलं न्यावं. तुकडा तोंडात टाकल्यावर लगेच ‘छान’ म्हणू नये. आढ्याकडे बघावं, जिभेनं दाढेच्या मागं काही शोधत असल्यासारखं करावं आणि म्हणावं, ‘‘पाक बरोबर आलाय.’’

हे वाक्य नुसतं फेकू नका, त्यात खरोखर अर्थ आहे. चिक्कीचं सगळं गणित पाकात असतं. लाडवाला पाक गोळीबंद झाला की भागतं, चिक्कीला तो त्याच्याही पुढं न्यावा लागतो. उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकला तर त्याची मऊ गोळी होता कामा नये. दोन बोटांत धरल्यावर तो कट् वाजून तुटला पाहिजे. त्या क्षणाच्या अलीकडे उतरवला तर चिक्की दाताला चिकटते, पलीकडे गेला तर करपट कडू लागते. मग भाजून सालं काढलेले दाणे आत पडतात, गोळा तूप लावलेल्या ओट्यावर येतो, लाटणं फिरतं आणि गरम आहे तोवरच सुरीनं रेघा ओढाव्या लागतात. गार झाल्यावर रेघ ओढायला जाल तर वड्या होत नाहीत, ठिकऱ्या होतात. पाक साखरू नये म्हणून बाजारच्या चिक्कीत बहुतेक ठिकाणी लिक्विड ग्लुकोजही घालतात. घरच्या चिक्कीला जमत नाही अशी चकाकी तिला येते ती त्यानंच. घरी करणाऱ्या काकूंना हे सांगू नये. त्यांचा राग गुळावरून तुमच्यावर येतो.

म्हणून नमुना चघळायचा नाही, मोडायचा. कानाजवळ धरून मोडला तर दुकानदाराला कळतं की समोरचा माणूस पोरखेळाला आलेला नाही.

आता यातली खरी गंमत. गुळाला हवेतलं पाणी ओढून घ्यायची सवय. चिक्की कुरकुरीत राहायची तर हवा कोरडी पाहिजे. आणि ती देशभर गाजली कुठली, तर जिथं वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो, जिथं कपाटातले बूटसुद्धा हिरवे होतात त्या गावची. त्यातून गिऱ्हाइकांची झुंबड उडते जुलै-ऑगस्टमध्ये. चिक्की खायचा खरा हंगाम थंडीचा. तेव्हा दुकानदार माशा मारत नसले तरी दोन शब्द बोलायला मोकळे असतात. पण जानेवारीत लोणावळ्याला गेलो असं सांगितलं तर लोक ‘काही काम होतं का?’ असं विचारतात. तेव्हा पावसातच जा. फक्त पाकीट तिथंच फोडू नका; खिडकी उघडी असलेल्या गाडीत तर नाहीच. खोपोली येईपर्यंत वड्या एकमेकींना मिठी मारतात आणि मग त्या सोडवायला घरातला सगळ्यात थोर माणूस लागतो.

वडा

वड्याबद्दल थोडक्यात आटपतो, कारण वड्यावर मत नसलेला मराठी माणूस मला अजून भेटलेला नाही आणि त्याला शिकवण्यात अर्थ नाही. मुंबईहून रेल्वेनं येणाऱ्याचा नेहमीचा वडा ठरलेला असतो : कर्जत स्टेशनवर दिवाडकरांचा. घाट चढायला गाडीच्या मागं जास्तीचं इंजिन लावायला हवं, ते कर्जतला लावतात आणि तेवढ्या वेळात फलाटावर वडापाव खपतो. अर्धी गाडी इंजिनामुळं थांबते आणि अर्धी वड्यामुळं थांबली असं समजते. लोणावळ्यात गोल्डनच्या वडापावला मानणारे आहेत, हातगाडीला मानणारे आहेत. पुण्याहून येणाऱ्यानं निघतानाच घरी पोहे खाल्लेले असतात, त्यामुळं त्याचं मत ग्राह्य धरू नये.

द्रुतगती मार्ग 2002 साली पुरा झाला, तेव्हापासून खालापूरच्या फूड मॉलमध्ये थांबणाऱ्यांची एक पिढी तयार झाली आहे. तिथं वडा मिळतो, चिक्कीही मिळते. पण मॉलला ‘नेहमीचं’ म्हणता येत नाही. मॉलमध्ये घेतलेल्या चिक्कीची चव तीच असली, तरी तिच्याबरोबर सांगायला काही मिळत नाही. फक्त पावती मिळते.

पावसाळी रविवार

भुशी धरण रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी पुरवण्यासाठी बांधलं. इंजिनं गेली, धरण राहिलं, आणि आता त्याच्या वाटेवर दर रविवारी पाण्याइतकंच तेल उकळतं. कांदा भजी, मक्याची भजी, बटाटा भजी, मॅगी, चहा, भाजलेलं कणीस. पुढं आय. एन. एस. शिवाजीवरून टायगर पॉइंटकडे गेलात तर तिथंही हेच, फक्त वारा जास्त.

टपऱ्यांना नाव नसतं. असलं तरी पाट्या ताडपत्रीखाली असतात आणि ताडपत्री दर वर्षी नवी. तेव्हा इथं नेहमीची टपरी धरायला वेगळी विद्या लागते. नवशिका भजी बघून टपरी निवडतो. जाणकार वारा बघून निवडतो. ज्या टपरीची पाठ वाऱ्याकडे आहे तिचा स्टो नीट पेटतो, तेल तापतं, भजी तेल पीत नाहीत. वाऱ्याकडे तोंड केलेल्या टपरीत स्टो आचके देतो आणि भजी भिजलेल्या टॉवेलासारखी ओली होतात. कणसाचंही असंच. निखारे पावसानं विझायला बघतात, म्हणून कणीसवाला हातानं फिरवायचा पंखा ठेवतो. ज्याचा हात थांबत नाही त्याच्याकडे उभं राहावं. कणसावर लिंबू आणि तिखट-मीठ चोळताना ‘‘मामा, जरा जास्त’’ म्हणायचं. तो तेवढंच लावतो, पण आपली नोंद होते.

दरीचं दृश्य दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. जुलैत टायगर पॉइंटला दरी नसते, पांढरं असतं. त्या पांढऱ्याकडे बघत भजी खाल्ली, की फोटोत भजी आणि तुम्ही एवढंच येतं. तेवढं पुरतं.

पाण्यात मात्र किती पुढं जायचं हे कणीसवाल्याला विचारा, मोबाइलला विचारू नका. 30 जून 2024 रोजी भुशीच्या मागच्या ओढ्यातून एकाच कुटुंबातली माणसं वाहून गेली. वर डोंगरात पाऊस वाढला की खाली लोंढा यायला वेळ लागत नाही, आणि तो येतो तेव्हा ऊनही असू शकतं. इथल्या माणसांना वरच्या ढगांवरून ते कळतं. त्यांनी ‘मागं या’ म्हटलं की मागं यावं. संध्याकाळी पोलीस शिट्टी मारतात तेव्हा निघावं. यात विनोद करण्यासारखं काही नाही, म्हणून पुढं जातो.

पोटाबाहेरच्या गरजा

लोणावळ्यात नेहमीचा मेकॅनिक असणं ही नेहमीच्या दुकानापेक्षा वरची पायरी आहे. रविवारी घाटात एक जळका वास येतो. तो भज्यांचा नसतो. चढावर रांगेत उभ्या असलेल्या गाड्यांतले नवशिके चालक अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवतात, त्यांच्या क्लच प्लेटचा तो वास. दुसरे इंजिन तापवून बॉनेट उघडून उभे असतात आणि कुटुंब पाण्याच्या बाटल्या शोधत असतं. अशा वेळी ज्याच्या खिशात खोपोलीच्या एखाद्या मेकॅनिकचा नंबर असतो, तो पुढची कित्येक वर्षं नात्यात देव मानला जातो. नंबर आधीच मिळवून ठेवा. तो मिळवायला निदान एकदा क्लच जाळावा लागतो. ही या शिक्षणाची फी.

भिजल्यावर कपडे बदलायची खोली धरणाच्या वाटेवर पैसे देऊन मिळते. मोबाइलला प्लास्टिकची पिशवी मिळते. छत्री तिथं विकत घेऊ नका. तिथला वारा छत्रीवाल्याच्या बाजूनं आहे. रिक्षावाल्याला मीटरबद्दल विचारणं हा पुणेकराचा जन्मसिद्ध हक्क असला तरी तो आपल्या गावी बजावावा. इथं आधी भाडं ठरवायचं आणि मग बसायचं. बसून ठरवायला गेलात तर तुम्ही आधीच बसलेले असता.

अभ्यासक्रमाबाहेरचा भाग

आता जे सांगतो ते बहुतेक नवशिके शिकतच नाहीत आणि त्यांचं काही अडतही नाही. लोणावळ्याच्या आधी सगळा मावळ आहे. पुणे-लोणावळा लोकलनं आलात तर तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली अशी स्टेशनं येतात. गाडी प्रत्येक ठिकाणी थांबते. पर्यटक मात्र कुठंच उतरत नाही. त्याच्या लेखी ही लोणावळा यायला लागणाऱ्या वेळाची नावं आहेत.

वडगावात उतरायला दोन कारणं आहेत. एक, 1779 च्या जानेवारीत इंग्रजांची फौज मराठ्यांच्या कचाट्यात सापडली आणि तहावर सही करून सुटली ती इथं. महादजी शिंद्यांची आठवण गावानं जपली आहे. दुसरं कारण तुमच्या घरात, डब्यात भरलेलं आहे. इंद्रायणी तांदूळ वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झाला, आंबेमोहर आणि आय. आर. 8 यांच्या संकरातून, आणि 1987 साली शेतकऱ्यांच्या हाती आला. आंबेमोहराचा वास, पण उतारा त्याच्यापेक्षा बरा. पुण्यातल्या निम्म्या घरांत रात्री जो मऊ भात होतो तो याचा. चिक्कीसाठी बाजारात गाडी आडवी घालणारे आपण लोक, रोज दोन वेळा जे खातो त्याच्या गावावरून शंभरच्या वेगानं निघून जातो.

तर इंद्रायणीचं नेहमीचं दुकान नसतं, नेहमीचा शेतकरी असतो. भाताची कापणी, झोडणी दिवाळीनंतर उरकते. मग कामशेतकडून पवनानगरला जाताना ‘इंद्रायणी तांदूळ मिळेल’ अशा हातानं लिहिलेल्या पाट्या दिसू लागतात. तिथं थांबा. नवा तांदूळ चिकट होतो, पाणी कमी लागतं, खीर-पेज-मऊ भाताला उत्तम. जुना मागितलात तर शेतकरी जरा आदरानं बघतो, कारण जुना तांदूळ मागणाऱ्याला तांदळातलं कळतं असं गृहीत धरतात. भात मोकळा, शीत न् शीत सुटा होत नाही अशी तक्रार घेऊन परत जाऊ नका. मोकळं व्हायची इंद्रायणीची इच्छाच नसते. बिर्याणी करायची असेल तर तुम्ही चुकीच्या तालुक्यात आला आहात.

मळवलीला उतरून लोहगडाकडे चाललात, तर पायथ्याच्या घरांपैकी एकात वर जाताना सांगून जायचं : चार माणसं, पिठलं-भाकरी, ठेचा, कांदा. उतरून येईपर्यंत तवा तापलेला असतो. वर जाताना न सांगता खाली आल्यावर भूक लागली म्हणणारा तो नवशिका. त्याला मॅगी मिळते. कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाला आगरी-कोळी लोक चैत्रात गाड्या भरभरून येतात. त्या दिवसांत फाट्यावरच्या हॉटेलांत मटणाची फोडणी जितकी खरी असते तितकी वर्षात पुन्हा नसते. गिऱ्हाइकाला चव कळते हे माहीत असलं की स्वयंपाक्याचा हात सुधारतो.

आणि मे महिन्यात घाटाच्या कडेला ठाकर, कातकरी बाया करवंदं-जांभळं घेऊन बसतात, पानाच्या द्रोणात मांडून. इथं नमुना मागू नये, घासाघीस करू नये. पहाटे काट्यात हात घालून ती वेचलेली असतात. सुटे पैसे जवळ ठेवा, डाग पडतील असा शर्ट घाला.

मावशी

सगळ्यात शेवटी कळणारी गोष्ट ही, की लोणावळ्यातलं चांगलं जेवण बऱ्याचदा पाटी नसलेल्या जागी असतं. इथं जुने बंगले खूप. मुंबईच्या मंडळींनी हवापाण्यासाठी बांधलेले, आता बरेचसे भाड्यानं जाणारे. बंगल्यामागं राखणदाराची खोली असते आणि तिथं एक मावशी असतात. बंगल्याच्या माहितीत तरणतलाव असतो, म्युझिक सिस्टिम असते, मावशी नसतात.

नवशिका संध्याकाळी मोबाइलवरून पिझ्झा मागवतो. पाऊस असतो, रस्ता तुंबलेला असतो, पिझ्झा गार येतो. मुरलेला माणूस सकाळी पोहोचल्या पोहोचल्या मागच्या दाराशी जातो.

‘‘मावशी, रात्री काय करता येईल?’’

‘‘काय पायजे तुमाला? कोंबडी गावरान मिळंल, पन आत्ता सांगा. दुपारी सांगितली तर ब्रॉयलर.’’

‘‘गावरानच करा. भाकरी ज्वारीची मिळेल?’’

‘‘ज्वारी कुठं पिकती हितं एवढ्या पावसात? तांदळाची करीन. खेकडं खाता का?’’

या शेवटच्या प्रश्नाला ‘‘खातो’’ म्हणालात की तुमची पास-नापासची परीक्षा झाली. पावसाच्या पहिल्या सरींनंतर ओढ्यांत, भातखाचरांत खेकडे निघतात आणि रात्री बत्ती घेऊन ते धरायला जातात. त्यांचा रस्सा पाट्यावर वाटलेल्या वाटणाचा, आणि तो वाटीत घेऊन प्यायचा असतो. सोबत कुरडू किंवा टाकळ्याची पालेभाजी आली तर ‘ही कसली पानं?’ असं मुलांना विचारू देऊ नका. पैसे किती विचारलं तर मावशी म्हणतील, ‘‘द्या की काय ते.’’ हे लोणावळ्यातलं सर्वांत अवघड बिल आहे. कमी दिलं तर पुढच्या वर्षी गावरान मिळत नाही. शहरातल्या हॉटेलात एवढ्या जेवणाला काय मोजलं असतं त्याचा हिशेब करा आणि तेवढे द्या.

चिक्की घरी आल्यावर

आपल्यासाठी चिक्की घेणारा माणूस विरळा. ती शेजारच्यांना असते, ऑफिसात असते, कामवाल्या ताईंना असते, ‘कुणी आलं-गेलं तर’ म्हणून एक पाकीट जास्तीचं असतं. लोणावळ्याचे रहिवासीसुद्धा बाहेरगावी पाहुणे म्हणून जाताना चिक्कीच नेतात. न्यावीच लागते, नाहीतर यजमान पिशवीकडे बघत राहतात. स्वतः ते घरी चिक्की खाताना फारसे दिसत नाहीत.

वाटप करायचं तर पहिल्या दोन दिवसांत. पाकीट देताना दुकानाचं नाव वर येईल असं धरावं आणि म्हणावं, ‘‘आमचं नेहमीचं आहे.’’ समोरून उत्तर येतं, ‘‘अरे वा. आम्ही तिकडच्या त्यांच्याकडून घेतो, पण ही पण चांगली असते.’’ ह्यात ‘पण’ दोनदा आलं तरी चिडू नका. हसा आणि पुढच्या दाराची घंटा वाजवा.

तुम्हालाच कुणी आणून दिली तर ती लगेच फोडू नका. कपाटात वरच्या फळीवर, कोरड्या जागी ठेवा. कुणाकडे रिकाम्या हातानं जायची वेळ येते तेव्हा तीच उपयोगी पडते. नेताना तारीख बघा, आणि ज्यांनी दिली होती त्यांच्याच घरी चाललो नाही ना, तेवढं आठवून बघा. पाकिटावर पेननं बारीक खूण करून ठेवणारे लोक या महाराष्ट्रात आहेत.